नातवाच्या बदली धोंडुबाई

तू जन्मभर काय केलंस, असं धोंडुबाईला कुणी विचारलं तर ती म्हणेल, पैरा फेडला. आणि तोही बहुतेक करून दुसऱ्याचा.

पैरा म्हणजे काय, हे आता ट्रॅक्टरवाल्यांना सांगावं लागतं. आज तुमच्या घरातलं माणूस आमच्या उसात तण भांगलायला आलं, की उद्या आमच्या घरातलं तुमच्या उसात जायचं. पैशाचं नाव नाही. ह्याचा एक कायदा आहे. कागदावर कुठं नसला तरी साऱ्या गावाला पाठ असतो. पैरा घराचा असतो, माणसाचा नसतो. यायचं कबूल केलेला गडी तापानं पडला तर त्याची बायको येते, सून येते, नाहीतर शाळा बुडवून पोरगी येते. बांधावर आलेल्याचे हात बघायचे, तोंड बघायचं नाही.

धोंडुबाईचा नवरा मोठा दिलदार. चावडीपुढं बसून तो अर्ध्या गावाला शब्द देऊन यायचा, आणि दिवस उजाडला की त्याची कंबर धरायची. मग डोक्याला फडकं बांधून धोंडुबाई जायची. गाव म्हणायचं, गडी शब्दाचा पक्का. तो मेला तेव्हा मातीला आलेली माणसंसुद्धा हेच बोलत होती आणि ती पदराआडून ऐकत होती. मुलगा तानाजी त्याच वळणावर गेला. कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला लागला, घरचं रान आईच्या गळ्यात घातलं. सून राजेश्वरी आली, तिची पाठ दुखायची. मोबाइल हातात असला की तेवढा वेळ ती पाठ गप्प राहायची. धोंडुबाईनं ह्याची कधी कुरकुर केली नाही. घर म्हटलं की एकानं ओढायचं आणि बाकीच्यांनी बसायचं, अशी तिची समजूतच होती.

नातू समरजीत. सोळा सरून सतरावं लागलेलं, ओठावर नुसती लव, आणि केस असे कापलेले की एका बाजूला शेत अन् दुसऱ्या बाजूला पडीक रान. दुधावरची साय त्याची, गुळाचा खडा त्याचा, रागही त्याचाच. त्याला कधी कुणी तांब्या उचलून दिला नाही असं झालं नाही.

ह्या पोरानं दोघा मित्रांना घेऊन नदीवरच्या मोटारीची केबल कापली. केबल जाळायची, आतली तांब्याची तार काढायची आणि भंगारात घालायची, असा उद्योग आमच्याकडं बराच चालतो. ह्यांनी नेमकी शेजारच्या गुंडाची कापली. गुंडा म्हणजे धोंडुबाईचा जुना पैरेकरी, तिच्या उसाची निम्मी लागण त्याच्या हातची. ऐन उन्हाळ्यात त्याची मोटार बंद पडली आणि नवी केबल येईतोवर उसाचा खोडवा पिवळा होऊन माना टाकून बसला. पोरं सापडली ती वासानं. जळक्या रबराचा वास समरच्या शर्टाला इतका बसला होता की पोलिसाला काही विचारायची गरज पडली नाही.

वय कमी म्हणून कोठडी नाही. सांगलीला पोरांचं कोर्ट असतं, बाल न्याय मंडळ म्हणतात, तिथं न्यायचं. सारं घर गेलं. धोंडुबाईला वाटलं होतं काळे कोट असतील, पिंजरा असेल. तसलं काही नव्हतं. साधं टेबल, त्याच्यामागं एक मॅजिस्ट्रेट बाई, दोन्ही अंगाला एकेक माणूस, आणि आरोपीला बसायला खुर्ची. त्यांनी पोराशी बराच वेळ गोड बोलून सगळं काढून घेतलं. मग निकाल दिला, की ह्याला डांबून ठेवून कुणाचं भलं व्हायचं नाही, तर ह्यानं दिवाळीपर्यंत दर रविवारी इस्लामपूरच्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करावी. झाडायचं, पुसायचं, भरवायचं, अंथरुणं धुवायची. नीट केली तर विषय मिटला, पोराच्या नावाला डाग नाही. टाळली तर मात्र त्याला सुधारगृहात ठेवावं लागेल.

बाहेर व्हरांड्यात प्रोबेशनच्या महेजबीन मॅडमनी तानाजी-राजेश्वरीला पुन्हा सगळं उलगडून सांगितलं. धोंडुबाई डब्याची पिशवी धरून मागं उभी होती. तिच्या कानावर शेवटचं आलं ते असं, की ह्यात घरच्यांनी साथ द्यायला पाहिजे. ती मनात म्हणाली, एवढंच ना. घराच्या अंगावर काम पडलंय, घरानं फेडायचं. तिला सुटल्यासारखं झालं. सरकारला पैरा कळतो, हे तिला नवीन होतं.

पहिला रविवार उजाडला तेव्हा समर पालथा झोपला होता. आदल्या दिवशी बैलगाडीच्या शर्यती झाल्या होत्या, त्यामुळं त्याच्या पोटात दुखत होतं. शर्यतींचा आणि पोटाचा काय संबंध, हे राजेश्वरीनंही विचारलं नाही. धोंडुबाईनं त्याला एकदा हलवलं, दोनदा हलवलं. मग भाकरी फडक्यात बांधली आणि वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन ती स्वतःच इस्लामपूरला गेली.

आश्रम गावाबाहेर, उसाच्या फडांना लागून. पुढून रंग झकास. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव घातलेलं, पंखा फिरायला लागला की कुणाचंच वाचता येत नाही. मागल्या बाजूला गेलं की नाकात वेगळाच पंखा फिरायचा. तिथला व्यवस्थापक सुकुमार. स्वभावानं वाईट नाही, पण सोय दिसली की त्याच्या डोळ्यांना त्यापुढचं दिसत नसे. त्यानं विचारलं, पोरगा कुठाय. धोंडुबाईनं सांगितलं, त्याच्या बदली मी आलेय. सुकुमार हसला, मग त्यानं डोकं खाजवलं. झाडूवाली बाई सोडून गेल्याला बरेच दिवस झाले होते. पोरगं आलं असतं तर त्यानं बादली सांडली असती आणि दुपारभर मोबाइल बघितला असता. समोर उभ्या असलेल्या बाईचे हात तर बघूनच कळत होते. त्यानं तिला खराटा दाखवला.

संध्याकाळपर्यंत मागली बाजू ओळखू येईना. धोंडुबाईनं मुताच्या गाद्या उन्हात टाकल्या, भांडी राखेनं घासली, एका आजोबांची ताठरलेली नखं पाण्यात भिजवून कापली. तिला घाण वाटली नाही. जिनं जनावरांचं केलं, पोरांचं केलं, वारलेल्या नवऱ्याचं शेवटचं वर्षभर केलं, तिचं नाक कधीच गप्प बसायला शिकलं होतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर चंदनबाला आज्जी असायची. सांगलीकडच्या जैन घरातली, कमरेखालून निकामी, कमरेच्या वर मात्र तेज. तिला दिवस बुडायच्या आत जेवण लागायचं, आणि आश्रमातलं ताट यायचं दिवेलागण झाल्यावर. दिवस बुडाला की ती तोंड मिटायची, त्यामुळं बऱ्याचदा उपाशीच झोपायची. धोंडुबाईला हे कळलं तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन आमटी-भात आधी काढून आणायला सुरुवात केली. त्यापायी तिची परतीची जीप चुकायची.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी चंदनबालानं तिला खाटेजवळ बसवून घेतलं.

"शिक्षा कुणाला झाल्या म्हणालीस?"

"नातवाला."

"अन् तो कुठं हाय?"

"झोपलाय."

"म्हंजे त्यो झोपलाय अन् तू माझं भांडं काढतीस," चंदनबाला म्हणाली. धोंडुबाईनं तिला पैऱ्याचा कायदा समजावून सांगितला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "आमच्यात बी पैरा हुता की. मी बी लय केलो. पण ह्यो पैरा न्हवं गं. कोर्टानं त्याला हितं शिकायला धाडलंय. माणूस म्हातारं झालं की काय हुतं, ते हातानं कळावं म्हणून. तू शिकून काय करणार? तुला येतंयच की."

उशीर झाला होता तरी ती त्या दिवशी चालतच निम्म्या वाटेपर्यंत आली. म्हणजे आपण एवढं केलं ते पोराच्या नावावर पडलंच नाही.

घरी येऊन तिनं हे बोलून दाखवलं. तिला वाटलं होतं, सगळे दचकतील. तानाजीनं टीव्हीवरची नजर काढली नाही. तो म्हणाला, ते आम्हाला ठाऊक हाय आई, पण सुकुमार सरांची काय तक्रार न्हाई, मॅडमचा फोन आला की ते सांगत्यात पोरगं येतंय म्हणून, मग चाललंय ते चालू दे. राजेश्वरी म्हणाली, तेवढंच तुम्हालाबी चार माणसांत जरा बरं वाटत असंल. समरनं मोबाइलमधून मान वर केली आणि सांगितलं, आजी, तू लय भारी हायस.

ठाऊक होतं. धोंडुबाई रात्री अंथरुणावर ह्याच शब्दावर अडकून पडली. तिला ठाऊक नव्हतं म्हणून ती गेली, आणि ह्यांना ठाऊक होतं म्हणून ह्यांनी पाठवलं.

तरीपण पुढच्या रविवारी ती गेली. कारण सुधारगृह ह्या शब्दाला ती भीत होती. तिला डोळ्यांपुढं दिसायचं, पोराला कुणी साय देत नाही, कुणी उठवत नाही, तिथली मोठी पोरं मारतायत. बाईमाणसाचं काळीज म्हणजे सरकारी दवाखान्याचं दार, कुणीही ढकलावं. ती गेली, पुढच्याला गेली, त्याच्या पुढच्यालाही गेली. पण आता झाडताना तिच्या मनात कायतरी आंबट आंबट होत राहायचं. घासताना ती मधेच थांबायची आणि स्वतःच्या हातांकडं बघायची, जसं काय ते कुणी चोरून आणून तिच्या मनगटांना लावलेत.

मग वाढदिवस आला. कुणाचा, ते नाव सांगून उपयोग नाही. तालुक्यात असे दादासाहेब बरेच आहेत आणि सगळे कधी ना कधी जन्मलेले आहेत. दुपारी आश्रमापुढं गाड्या लागल्या. सुकुमारची एकच धांदल. म्हाताऱ्यांना धुतलेले कपडे घाला, व्हरांड्यात ओळीनं बसवा. निम्म्यांना बसता येत नव्हतं, त्यांना भिंतीला टेकवलं. ओळ तरी तोकडी दिसायला लागली, तेव्हा त्यानं धोंडुबाईच्या हातातला खराटा काढून घेतला आणि तिलाही कडेला बसवलं. ती म्हणाली, मी इथली न्हवं. तो म्हणाला, बसा ओ, फोटोपुरतं.

पांढरे शर्ट घातलेली पोरं आत आली. केक कापला, तो दादासाहेबांच्या फोटोपुढं कापला, कारण दादासाहेब दुसऱ्या आश्रमात होते. घोषणा झाल्या. मग केळ्यांची पाटी घेऊन पोरं ओळीतनं फिरायला लागली, आणि धोंडुबाईच्या पुढं जो शर्ट येऊन वाकला, त्यात समर होता.

त्याला आजी दिसल्यावर तो क्षणभर बिचकला. एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. मग त्यानं मागं वळून मोबाइलवाल्याकडं बघितलं, केळं पुढं धरलं आणि ओठ न हलवता हळूच म्हणाला, "आजी, तोंड जरा दुःखी कर की. फोटो चांगला येतोय."

तिनं काय तोंड केलं कोण जाणे. मोबाइलवाल्याला आवडलं असावं. त्यानं दोन-तीनदा काढला. तेवढ्यात दारातनं कुणीतरी ओरडलं, केळी जपून, अजून दवाखान्यात जायचंय. आणि तिच्या हातात दिलेलं केळं समरनं परत काढून घेतलं, पाटीत टाकलं आणि पुढं गेला. ओळीतल्या ज्यांनी आधीच सोलली होती त्यांची तेवढी राहिली.

धोंडुबाई उठली. मागल्या मोरीत गेली आणि सकाळी खाल्लेली भाकरी तिथं ओकली. इतके रविवार गुवामुतात हात घालून जिला एकदा कसंनुसं झालं नव्हतं, तिला त्या सुगंध मारलेल्या पांढऱ्या शर्टानं ढवळून आलं. चूळ भरून ती पुन्हा आत आली तेव्हा चंदनबाला भिंतीला टेकून तशीच होती. तिच्या केसांत केकवरचा पांढरा फेस उडाला होता. धोंडुबाईनं तो पदरानं पुसला.

संध्याकाळी घरी समर मोठ्या खुशीत होता. त्यानं फोटो साऱ्या जगाला पाठवला होता, खाली हात जोडलेली चित्रं टाकून. आजीला दाखवायला तो स्वतः चुलीपाशी आला, जे तो एरवी येत नसे.

"रागावू नगंस. तू लय भारी आलीयास ह्यात," तो म्हणाला. "एकदम खरीखुरी अनाथ."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्या रात्री तिनं त्याला ताट वाढलं नाही. राजेश्वरीनं वाढलं आणि वर पुटपुटली की म्हातारपणी माणसं चिडकी होतात.

दिवाळी जवळ आली तसं सांगलीचं बोलावणं आलं. त्या दिवशी मंडळ विषय मिटवणार होतं. तानाजी म्हणाला, आईलाबी घेऊ, म्हातारं माणूस बरं दिसतं. धोंडुबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, पण जीपमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. समरला तानाजी शिकवत होता, काय विचारलं तर काय सांगायचं. धोंडुबाईला कुणी काही शिकवलं नाही. तिनं बोलायचंच नव्हतं, मग शिकवायचं कशाला.

आत महेजबीन मॅडम खुश दिसत होत्या. बिचारीकडं कितीतरी पोरं, प्रत्येकामागं रविवारी धावणार कुठं. फोनवर जे कळलं त्यावर तिनं विश्वास टाकला होता. तिनं सांगितलं, आश्रमाचं म्हणणं चांगलं आहे, मुलगा नियमानं येतो. समरनं मोबाइल पुढं केला आणि फोटो दाखवला. टेबलामागं बसलेल्या तिघांनी तो आळीपाळीनं बघितला. मॅजिस्ट्रेट बाईंच्या तोंडावर समाधान आलं. इतक्या मोठ्या, शिकलेल्या बाईला एका फोटोनं समाधान होतं, ह्याचं धोंडुबाईला फार वाईट वाटलं. फोटोतल्या म्हातारीचं तोंड त्यांनी नीट बघितलंच नव्हतं. म्हातारी म्हटली की सगळ्यांना ती एकच दिसते. नाहीतर तीच म्हातारी त्यांच्यापुढं दाराजवळच्या बाकावर बसली होती.

मॅजिस्ट्रेट बाईंनी मोबाइल परत देता देता सहज विचारलं, इतके दिवस सेवा केलीस, ह्या आजींचं नाव काय रे?

समर गडबडला. त्यानं बापाकडं बघितलं. बापानं डोळ्यांनीच सांगितलं, बोल कायतरी. आजीकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

"नाव न्हाई माहीत मॅडम," तो म्हणाला. "तिथली हाय कोणतरी."

धोंडुबाईला वाटलं, आपण अजून व्हरांड्यात ओळीनंच बसलोय आणि हातातनं काहीतरी काढून घेतलं जातंय. ती उठली. गुडघे कुरकुरले, बाक कुरकुरला.

"धोंडुबाई," ती म्हणाली. "त्या म्हातारीचं नाव धोंडुबाई. ह्या पोराच्या बापाची आई."

तानाजी म्हणाला, आई, बस. पण आता सगळे तिच्याकडं बघत होते, आणि एकदा बघितल्यावर फोटो आणि बाई जुळायला वेळ लागला नाही. मग मॅजिस्ट्रेट बाई विचारत गेल्या आणि धोंडुबाई सांगत गेली. पहिल्यांदा पैरा समजून गेल्याचं सांगितलं. नंतर चुकीचं आहे हे कळूनही गेल्याचं सांगितलं, तेही लपवलं नाही. घरात कुणाकुणाला ठाऊक होतं ते सांगितलं. केळ्याचंही सांगितलं. महेजबीन मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांचे कान लाल झाले होते.

मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, मग आज का सांगितलंत? आज तर सगळं मिटत होतं.

"बाई, म्हाताऱ्यांची घाण मी काढली, ती हात धुतला की गेली," धोंडुबाई म्हणाली. "ही जाईना. ही माज्या घरातली हाय, अन् मीच साय घालून वाढवलेली."

पुढं काय व्हायचं ते झालं. मंडळानं ठरवलं, आधीचं सगळं रद्द. समरनं त्याच आश्रमात पहिल्यापासून सेवा करायची, स्वतः करायची, आणि महेजबीन मॅडम न सांगता मधेच येऊन बघतील. एकदा जरी चुकला तरी सुधारगृह. आश्रमाकडूनही खुलासा मागवला. ऐकलं की सुकुमारनं तो खुलासा फार छान लिहून दिला.

परतीच्या जीपमध्ये तानाजी जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईनं मुलाला जन्म दिला की मुलाला आईवर एवढं बोलायचा हक्क येतो, असं त्याला वाटत असावं. राजेश्वरी रडली. तिची पाठही त्या दिवसापासून पुन्हा दुखायला लागली. गावात बातमी आधीच पोचली होती. बायका नळावर गप्प व्हायच्या. जिनं सख्ख्या नातवाच्या पायावर धोंडा घातला तिच्याशी बोलायचं कसं, असा प्रश्न होता. आणि सगळ्यात कहर म्हणजे गुंडा, ज्याची केबल गेली, ज्याचा ऊस वाळला, तो बांधावर भेटून म्हणाला, "आवं वयनी, चोरी माजी झाली. मी बी मागनं गप बसलो. तुमाला कशाला पायजे हुतं?"

धोंडुबाईनं त्याच्याकडं बघितलं. ह्याचा ऊस पिवळा पडला तेव्हा तिनं स्वतःच्या मोटारीचं पाणी त्याच्या रानात सोडलं होतं. तिला शिसारी आली, आणि ती एकट्या गुंडाची नव्हती. सगळं गावच फोटोतल्यासारखं ओळीनं बसलंय, भिंतीला टेकून, आणि हातात येईल ते घेतंय असं तिला झालं. ती पुढं गेली.

रविवारी समर उठला. ह्या वेळी त्याला बापानं उठवलं, लाथ घालून. तोंड वेंगाडून तो गेला. धोंडुबाई दिवसभर अंगणात काहीबाही करत राहिली. वडापच्या प्रत्येक जीपचा आवाज आला की तिची मान वर व्हायची, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा. माया सुटत नाही बाई. तुम्ही थुंकून टाका, ती पुन्हा तोंडात येते.

तो दिवेलागणीच्या आधी आला. मोरीच्या दगडापाशी ती स्वतःचं लुगडं धूत बसली होती. तो तिच्याशी बोलत नव्हता, सांगलीपासून नाही. आत गेला, कपडे बदलून बाहेर आला आणि हातातली पँट त्यानं तिच्या बादलीत टाकली. पाणी पिवळं झालं.

"एका म्हाताऱ्यानं अंगावर केलं," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "धू. वास येतोय."

धोंडुबाईनं आपलं लुगडं दगडावरनं उचललं, पिळलं, खांद्यावर टाकलं आणि उठून दगडापासून बाजूला झाली. साबणाची वडी तिनं दगडावर ठेवली.

"बस," ती म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. मग ती हलेना तेव्हा त्यानं आईला हाक मारली. राजेश्वरी पदराला हात पुसत आली, बादली बघितली, काय ते समजली आणि खाली वाकायला लागली. धोंडुबाईनं आडवा हात घातला.

"राजेश्वरी, हात लावशील तर माजं मेलेलं तोंड बघशील."

घरात असली शपथ आजवर कुणी घातली नव्हती. राजेश्वरी उभी राहिली. तानाजी दारात आला, त्यानं आईकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, आणि नाकाला रुमाल लावून आत गेला.

समर बऱ्याच वेळानं बसला. नाकावर बाही धरली आणि पँट एका बोटानं पाण्यात ढोसली.

"दोन्ही हातांनी," धोंडुबाई म्हणाली.

त्यानं दात-ओठ खाऊन तिला एक शिवी दिली. तिनं ती ऐकली, आणि राजेश्वरीनंही ऐकली. मग तोंड फिरवून त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले.